नवीन बजरी (छोटा पोपट) जुन्या पक्ष्यांजवळ कधी ठेवायची?

कॉकटेलवाली_सातारा: चार वर्षांपासून दोन कॉकटेल (तुऱ्याचे पोपट) आहेत. रविवारी बाजारातून बजरी आणली. कालपासून पिसं फुलवून डोळे मिटून बसलीय, विष्ठा हिरवट पातळ. पिंजरे शेजारीच आहेत. काय करू?

जुना_पक्षीपाळ: ताई, आधी तिचा पिंजरा दुसऱ्या खोलीत न्या, आत्ताच. मी नवीन जोडी एका हाताच्या अंतरावर ठेवली होती. पंख झाडले की पांढरी भुकटी उडायची, ती जुन्यांच्या पाण्याच्या वाटीवर तरंगताना दिसायची. मला ते कळलं तेव्हा माझ्या मिठूची शेपटीची पिसं गळून नवीन वाकडी येत होती. पीसीआर तपासणीत पीबीएफडी (पोपटांच्या चोच-पिसांचा विषाणूचा रोग) निघाला. त्यावर औषध नाही. नवा पक्षी निरोगी दिसला तरी निदान ३० दिवस वेगळा, ४५ असतील तर उत्तम. दाणापाणी आधी जुन्यांना, मग नवीनला. वाट्या, फडकं वेगळं, हात साबणानं धुवायचे. विकणारा 'एकदम ठणठणीत' म्हणाला तरी ऐकू नका.

रोज_दाणापाणी: हिरवी विष्ठा म्हणजे सिटॅकोसिसही (पक्ष्यांचा जिवाणूंचा आजार) असू शकतो, तो माणसालाही होतो. ट्रे कोरडा झाडू नका, पाणी शिंपडून कागद गुंडाळा, मास्क लावा. घरात कुणाला ताप-खोकला आला तर डॉक्टरांना पक्षी आहेत हे सांगा. डॉक्सिसायक्लिन (त्यावरचं अँटिबायोटिक) पक्ष्याला मनानं देऊ नका, कोर्स साधारण ४५ दिवसांचा असतो.

कॉकटेलवाली_सातारा: हलवला पिंजरा. आईला दमा आहे, तिला त्या खोलीत जाऊ देत नाही. विष्ठेचा कागद डबीत घेऊन सकाळी पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे निघतेय.