मदत हवी आहे: झिजलेल्या गुडघ्याशी तुलना करायला 'निरोगी' कूर्चा कुठली घ्यावी?

नमस्कार मंडळी,

मी नाशिकमध्ये बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. करते. प्रोजेक्ट आहे निरोगी आणि ऑस्टिओआर्थ्रायटिस (सांध्याची झीज) झालेल्या कूर्चेतल्या, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणातल्या, प्रथिनांच्या फरकावर. गुडघा बदलताना काढून टाकलेले तुकडे एथिक्स कमिटीची परवानगी आणि पेशंटची संमती घेऊन मिळतात. आतापर्यंत सहा गुडघे झाले, बहुतेक निफाड-दिंडोरीकडच्या, द्राक्षबागेत राबलेल्या बायकांचे. एका मावशींनी अंगठा देताना विचारलं, "माझ्या गुडघ्यात काय बिघडलं होतं ते सांगशील ना गं?" मला त्यांना खरं उत्तर द्यायचंय.

सर म्हणतात, निरोगी नमुना म्हणून त्याच गुडघ्याची बाहेरची बाजू घे. दिसायला फरक आहेच. बाहेरची कूर्चा पांढरी, शहाळ्यातल्या मलईसारखी पात्याखाली सरकते. आतल्या बाजूची पिवळट, धागे सुटलेल्या मखमलीसारखी, आणि पातं लगेच हाडावर खरखरतं. पण दोन्ही बाजू एकाच सांध्यातल्या द्रवात भिजलेल्या. कूर्चेला बळकटी देणारं कोलॅजन-२ कापणारं एमएमपी-१३, पाणी धरून ठेवणारं ॲग्रिकन कापणारी एडीएएमटीएस-४ आणि ५ ही विकरं तिकडेही पोचत असतील ना? मग तिला निरोगी कसं म्हणू?

दुसरं म्हणजे, प्रथिनं बाहेर काढायला कूर्चा ४ मोलर ग्वानिडीनमध्ये, प्रोटिएज इनहिबिटर (प्रथिनं तुटू न देणारं रसायन) घालून, ४ अंशांवर दोन दिवस ठेवते. अर्क पाकासारखा चिकट होतो, फिल्टर तुंबतो, प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर पट्ट्यांऐवजी नुसता फराटा. ॲग्रिकनच्या ऋणभारित साखळ्यांचा हा प्रताप, एवढं कळलंय. सीपीसीने (ऋणभारित साखळ्यांना चिकटणारं रसायन) ते खाली बसवलं तर डेकोरिन, बायग्लायकन ही लहान प्रथिनंही जातील का? मला नेमके तेच बघायचेत.

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद: सीपीसी नको. डेकोरिन-बायग्लायकनवरही त्याच जातीच्या साखळ्या असतात, तेही हातचे जायची भीती. प्रथिनं थंड इथेनॉलने खाली बसवून ग्वानिडीन आधी काढून टाक. ते राहिलं तर जेलमधल्या एसडीएस या डिटर्जंटबरोबर साका होतो. मग काँड्रॉइटिनेज एबीसी या विकराने साखळ्या तोड. ग्वानिडीन असताना ते विकर चालणार नाही.

नमुन्याबद्दल तुझी शंका रास्त आहे. 'निरोगी' हा शब्द काढ, 'कमी झिजलेला भाग' असं लिही. वय, वजन, औषधं सगळं तेच असल्यामुळे ती तुलनाही मोलाची आहे. मांडीच्या हाडाची मान मोडल्यावर काढलेल्या खुब्याच्या गोळ्याची कूर्चाही वापरतात, पण मग खुबा आणि गुडघा हा फरक मध्ये येतो. देहदानातली फॉर्मॅलिनमधली मात्र घेऊ नकोस, त्यात प्रथिनं एकमेकांना जखडलेली असतात. प्रत्येक तुकड्याशेजारचा काप ॲग्रिकनच्या साखळ्या लाल रंगवणाऱ्या सॅफ्रानिन-ओने रंगव. लाल रंग फिका आला, तर गुळगुळीत दिसणाऱ्या भागातूनही ॲग्रिकन गेलंय.

आणि हिशेब सांभाळ. ॲग्रिकन घटलं की बाकीच्यांचा वाटा आपोआप फुगतो. फायब्रोनेक्टिन हे प्रथिन झिजलेल्या कूर्चेत खरंच वाढतं, पण त्यातलं खरं किती हे कोरड्या वजनावर मोज. झिजायला लागलेली कूर्चा पाणी जास्त धरते, त्यामुळे ओलं वजन फसवतं.

धागाकर्ती: खूप आभार दादा. कोरड्या वजनाचं सुचलंच नव्हतं. आधीचे सहाही ओल्यावर मोजलेत. उरलेल्या तुकड्यांवरून ते आता नव्याने करते. शुक्रवारी पुढचं ऑपरेशन आहे, तेव्हा शेजारचा काप रंगवायला ठेवीन. खुब्याच्या नमुन्यांसाठी एथिक्स कमिटीकडे नव्याने अर्ज करावा लागतो, की आधीच्याच परवानगीत दुरुस्ती चालते? कुणी हे केलंय का?