दोनऐवजी एकच कोअर दिसणे : आधी बूट ओळ तपासा

लिनक्सवर एकाला कोअर २ ड्युओ (दोन कोअर, म्हणजे दोन गणना-भाग असलेला प्रोसेसर) असूनही सिस्टिम मॉनिटरमध्ये एकच सीपीयू दिसतोय, आणि त्याला कुणीतरी थेट कर्नल (लिनक्सचा गाभा) बदलायला सांगितलंय. थांबा, एवढ्यात तिथवर जाऊ नका.

टर्मिनलमध्ये 'एलएससीपीयू' चालवा. ऑनलाइन सीपीयूच्या यादीत ०,१ ऐवजी नुसता ० असेल, तर '/प्रॉक/सीएमडीलाइन' ही फाइल उघडून बघा; तीच बूट ओळ, म्हणजे सुरू होताना कर्नलला दिलेले पर्याय. तिथे 'एसीपीआय=ऑफ', 'नोएलएपिक', 'नोएसएमपी' किंवा 'मॅक्ससीपीयूज=१' यांपैकी काही सापडलं, की चोर सापडला.

माझंही हेच झालं होतं. इन्स्टॉल करताना स्क्रीन काळी पडायची म्हणून 'एसीपीआय=ऑफ' टाकलं आणि साफ विसरून गेलो. दुसऱ्या कोअरचा पत्ता कर्नलला बहुतेक वेळा एसीपीआयच्या (कर्नलला हार्डवेअरची माहिती पुरवणाऱ्या व्यवस्थेच्या) तक्त्यांतूनच मिळतो. ते तक्तेच बंद केले तर बिचारा एकाच कोअरवर संसार करतो. बॅटरीची टक्केवारीही गायब होते, ती दुसरी खूण.

'/ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब' या बूट-लोडरच्या सेटिंग फाइलमधून तो शब्द काढा, 'सुडो अपडेट-ग्रब' चालवा (डेबियन, उबुंटू, मिंटवर) आणि रीबूट करा. स्क्रीन पुन्हा काळी पडली तर त्याऐवजी 'नोमोडसेट' (कर्नलला स्क्रीनचा मोड बदलू न देणारा पर्याय) वापरून बघा, त्याने कोअर जात नाहीत.

बूट ओळ स्वच्छ निघाली तर बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) मल्टी-कोअरचा पर्याय बंद आहे का ते बघा. काही जुन्या लॅपटॉपमध्ये तो असतो.

आणि पहिल्या पिढीच्या आय३ वर दोनऐवजी चार सीपीयू दिसतात म्हणून विचारणाऱ्यांना : तो बिघाड नाही हो, दोन कोअर आणि हायपरथ्रेडिंग (एकेक कोअर दोन म्हणून दिसतो)!