रविवारची बस आणि पोटातला गोळा: नोकरीचा ताण, नवी नोकरी, तुमचं काय काय झालं सांगा

मंडळी, मी बेळगावजवळच्या येळ्ळूरचा, वय २९. बेंगळूरला एका सपोर्टच्या कंपनीत चार वर्षं झाली, शिफ्ट अमेरिकेच्या टायमाला. महिन्यातनं एकदा घरी येतो, शनिवार मस्त जातो, रविवारी सकाळी मटण बिटण, आणि दुपारचे चार वाजले की पोटात गोळा. आई डबा भरत असते, चपात्या आणि शेंगाची चटणी, आणि मी शेजारी गप बसलेला. गेल्या खेपेला बस स्टँडवर बस लागलेली दिसली आणि मी सरळ बाथरूमात जाऊन ओकलो. बाबांना सांगितलं मटण बाधलं. (मटण बिचारं चांगलं होतं.)

नोकरी बदलायची हे ठरलंय, पण सीव्हीची फाइल दोन महिने उघडी आहे आणि त्यात नाव, पत्ता एवढंच. सकाळी शिफ्ट सुटल्यावर डोकंच चालत नाही. वर आपल्या भागातल्यांचं ते नेहमीचं, पुण्याला अर्ज केला तर पत्ता बघून विचारतात कर्नाटकातनं एवढ्या लांब येणार काय, आणि इकडं सरकारी बघावं तर कन्नड बोलायला जमतं, लिहायला बसलो की बोंब. तर तुम्ही काय केलंत ते लिहा. ताण कसा काढला, नोकरी चालू ठेवून दुसरी कशी शोधली, फसला असाल तर तेही. उपदेश नको, घडलेलं सांगा.

उद्यमबागवाला

आयटीवाल्यांनाच ताण असतोय असं न्हाई बरं का गा. मी ११ वर्षं व्हीएमसीवर काढली, म्हणजे प्रोग्रॅमवर धातू कापायची मशीन. आमच्यात २५ तारखेपासून डिस्पॅच सुरू, सुपरवायझर मानेवर बसल्यागत, त्यात लाइट गेली की अर्धा कापलेला जॉब तसाच. एकदा नाइट शिफ्टची सलग नववी रात्र होती, ऑफसेट, म्हणजे हत्याराच्या जागेचा आकडा, मीच चुकीचा टाकला आणि ४० पीस रिजेक्ट, बोअर (भोक) २० मायक्रॉननं मोठा. त्यानंतर बायको म्हणते मी झोपेत बोटानं बटणं दाबायचो चादरीवर.

पहिल्यांदा बदलली ती ओळखीनं, शिनोळीला गेलो, हद्द ओलांडली की लगेच चंदगड तालुका. राज्य बदललं, बाकी तेच, तीच नाइट तोच डिस्पॅच. घाईनं पळालं की असंच होतंय. दुसऱ्या वेळी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत बघायचं ठरवलं. सायबर कॅफेवाल्या पोरानं सीव्ही करून दिला, हार्डवर्किंग, ऑनेस्ट, हॉबी क्रिकेट. एक फोन आला न्हाई. मग भाच्यानं बसवून विचारून विचारून नवा लिहिला: कुठल्या कंट्रोलरवर किती वर्षं (फानुक ७, सीमेन्स ४), मटेरियल कुठलं, टॉलरन्स किती राखलाय, प्रोग्रॅम स्वतः लिहितो का नुसती मशीन चालवतो. एकाच पानावर बसलं सगळं. आठवड्यात दोन फोन. इंटरव्ह्यूत ड्रॉइंग पुढं टाकलं आणि म्हणाले हा पीस मशीनवर कसा पकडशील सांग. मी बोलत सुटलो की, इंग्रजी कोण विचारतंय तिथं.

एक राहिलं. आधीच्या ठिकाणी ५ वर्षं भरायला चार महिने कमी होते, दात खाऊन थांबलो ग्रॅच्युइटीसाठी. हिशेब सोपा हाय, शेवटचा बेसिक अधिक डीए, भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. मालक म्हणाला आमच्यात असलं काय नसतंय. दहा माणसं कामाला असली की कायदा लागतोय, आम्ही ३५ होतो. दोन महिने खेपा मारल्या, मिळाली.

निपाणीची_लेक

मी पुण्यात एचआरला आहे, म्हणजे तुम्ही सगळे ज्यांना शिव्या देता ती. येळ्ळूरच्या दादा, पत्त्याचं आधी सांगते. सीव्हीवर घरचा अख्खा पत्ता, गल्ली, पोस्ट, तालुका लिहायची काही गरज नसते. "सध्या बेंगळूर, पुण्यात यायला तयार" एवढी एक ओळ लिहा, बघणाऱ्याच्या डोक्यातला प्रश्नच मिटतो. मी स्वतः निपाणीचा पत्ता लिहून वर्षभर अर्ज केले होते आणि मग कळलं की समोरच्याला निपाणी कुठे आहे तेच माहीत नाही.

नोटिस पिरियड ९० दिवसांचा असला तर तो लपवू नका, शेवटी कळतोच आणि मग ऑफर बोंबलते. आत्ताचा पगार वाढवून सांगू नका, सॅलरी स्लिप मागतात, फॉर्म १६ मागतात. एका मुलानं मधली सहा महिन्यांची नोकरी गाळली होती, पीएफच्या पासबुकात ती सरळ दिसली. नोकरी वाईट होती म्हणून सोडली असं सांगितलं असतं तर कुणी काही म्हटलं नसतं हो. पीएफ काढून खाऊ नका, यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) तोच ठेवून ट्रान्सफर करा, ५ वर्षांच्या आत काढला तर टॅक्सही बसतो. आणि रिलीव्हिंग लेटर हातात पडल्याशिवाय ऑफिसातल्या कुणाशीही भांडू नका, कितीही तोंड शिवशिवलं तरी.

रजिस्ट्रेशन फी, ट्रेनिंग डिपॉझिट, लॅपटॉपचे पैसे असं कुणी मागितलं की फोन ठेवा. माझ्या सख्ख्या मावसभावानं साडेआठ हजार घातले, आणि बहीण एचआरला असून विचारलं नाही मला. राग अजून गेलेला नाही.

खानापूरची

सरकारी बघणाऱ्यांसाठी लिहिते. महाराष्ट्राच्या भरतीच्या जाहिरातीत आत कुठेतरी एक ओळ असते, महाराष्ट्र शासनानं दावा सांगितलेल्या ८६५ गावांतले, १५ वर्षं वास्तव्य असलेले मराठी भाषिक उमेदवार अर्ज करू शकतात, आणि त्याला ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो. आपल्याकडं ही ओळ सगळ्यांना ऐकून माहीत असते पण नमुना कुणी उघडून बघितलेला नसतो. मीपण नव्हता. २०२३ च्या जिल्हा परिषद भरतीत औषध निर्माण अधिकारी भरायचं होतं, हजार रुपये फी, आणि मुदतीला दोन दिवस असताना दाखल्याचं बघायला लागले. तो तर राहिलाच, शिवाय माझं रजिस्ट्रेशन कर्नाटक फार्मसी कौन्सिलचं, महाराष्ट्राचं वेगळं असतं हेपण तेव्हाच लक्षात आलं. त्या दोन दिवसांत जो ताण आला ना तो तीन वर्षांच्या नोकरीत आला नव्हता.

आता गोव्याला एका औषध कंपनीत क्वालिटीला आहे. ऑडिटच्या आठवड्यात जेवण जात नाही, बाकी बरं आहे. दाखला मात्र करून ठेवलाय, कपाटात आहे, बघू.

खडेबाजार

कन्नडचं मी सांगतो. माझं शिक्षण सगळं मराठी मीडियम, कन्नड शाळेत होतं पण पास होण्यापुरतं. कर्नाटक लोकसेवा आयोगाचा सक्तीचा कन्नड पेपर १५० मार्कांचा, पास व्हायला ५० लागतात, मेरिटला धरत नाहीत पण तिथं उडालात तर बाकीचं बघतच नाहीत. मी पहिल्यांदा ४१ वर उडालो. तोंड दाखवायची लाज वाटली, कारण घरी सगळ्यांना जनरल नॉलेजचीच काळजी होती आणि मी पडलो बालवाडीच्या विषयात.

मग एक केलं, भाषेचं राजकारण उंबऱ्याबाहेर ठेवलं. ते चालू राहू दे, मोर्चाला मीपण गेलोय. पण पेपर पेपरच असतो. रोज एक कन्नड पेपर घेतला आणि अग्रलेख न वाचता फक्त निधनवार्ता, टेंडर आणि नोकरीच्या जाहिराती वाचल्या, त्याच त्याच शब्दांनी भरलेल्या असतात, महिनाभरात सरकारी भाषा तोंडात बसते. पत्रलेखन शेजारच्या अक्कांकडून तपासून घेतलं, रिटायर्ड शिक्षिका, फी म्हणून दर रविवारी पाव किलो कुंदा. दुसऱ्या वेळी ७० च्या वर गेलो. पोस्ट नाही मिळाली ती नाहीच, पण पुढं बँकेच्या भाषेच्या चाचणीत हेच कामाला आलं. उतारा वाचायला दिला, मग साहेब म्हणाले थोडं बोला, मी म्हटलं "स्वल्प स्वल्प बरत्ते सर" (थोडं थोडं येतं सर) आणि ते हसले आणि मीपण. आता ज्या ब्रँचला आहे तिथं अर्धे खातेदार माझ्याशी मराठीत बोलतात, अर्धे कन्नडमध्ये आणि मार्चएंडला दोन्ही भाषांत शिव्या.

हवालदार_काका

पोरांनो सगळं वाचलं. मराठा इन्फंट्रीत १७ वर्षं काढून बाहेर पडलो तेव्हा वय ३६, दोन मुलं शाळेत. फौजेत ताण नव्हता असं नाही, पण उद्या काय करायचं ते दुसरा सांगायचा. बाहेर आल्यावर ते स्वतःला ठरवायला लागलं आणि पहिले तीन महिने मी पहाटे पाचला उठून अंगणात नुसता उभा राहायचो. माजी सैनिकांना केंद्राच्या क गटात १० टक्के आणि ड गटात २० टक्के आरक्षण असतं, त्यावर डोळा ठेवून अर्ज टाकत राहिलो, २३ टाकले, वहीत तारखेसकट लिहून ठेवले. चोविसावा लागला. वही ठेवा एवढंच सांगेन, आपण किती केलं ते माणूस विसरतो आणि उगाच खचतो.

नाव नको

पोस्ट वाचून लिहावंसं वाटलं कारण बसच्या जागी माझं लिफ्टचं होतं. ऑफिसची लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबली की छातीत धडधड, हात गार, आता मरते असं वाटायचं. दोनदा ईसीजी काढला, नॉर्मल. आजीनं अंगारा लावला, मामींनी दृष्ट काढली, लाल मिरच्या जळताना वास आला नाही म्हणून खूण पटली त्यांना. नवरा म्हणाला नोकरी सोड. सगळे आपापल्या परीनं माझ्यासाठीच करत होते, त्यामुळे चिडताही येईना.

शेवटी १४४१६ ला फोन केला, रात्री अडीचला, जिन्यात बसून. टेलिमानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, भाषा निवडता येते. पलीकडच्या बाईंनी वीस मिनिटं नुसतं ऐकलं आणि डॉक्टरांना दाखवा म्हणाल्या. बेळगावात ओळखीचं कोण भेटेल या भीतीनं धारवाडला डिमहान्सला, तिथल्या सरकारी मनोरुग्णालयात गेले (आणि तिथं केसपेपरच्या लाइनीत आमच्याच गल्लीतले एक काका. दोघांनी एकमेकांना ओळख दाखवली नाही. आता दाखवतो.) डॉक्टरांनी पॅनिक अ‍ॅटॅक सांगितला, गोळ्या दिल्या, आणि एक गोष्ट बजावली, पुढचे सहा आठवडे राजीनाम्याचा निर्णय घेऊ नका, आत्ता डोकं आग विझवण्यात आहे, घर बदलायचं नंतर बघू. गोळ्या आठ महिने चालल्या, त्यांनी सांगितल्याप्रमाणेच हळूहळू बंद केल्या. नोकरी मी बदलली, पण नंतर, शांतपणे, आणि नवीन ठिकाणी इंटरव्ह्यूत सरळ विचारलं की सुट्टीच्या दिवशी फोन येतात का. समोरचा गडबडला. त्या गडबडण्यावरून एक कंपनी सोडली, दुसरीला हो म्हटलं.

येळ्ळूरच्या भाऊ, ओकारी येणं म्हणजे शरीर सांगतंय. मटणावर ढकलू नका.

चिकोडीकर

सगळे दुसरी हातात आली की सोडा म्हणायलेत, मी तशीच सोडली. टीम लीडरनं सगळ्यांपुढं अपमान केला, त्याच दिवशी आयडी कार्ड टेबलावर ठेवलं आणि खाली उतरून चहा पिला. तो चहा जगात भारी होता. पुढचे सात महिने न्हाई. ऊस तोडणीला आला होता, थोरल्या भावाच्या हाताखाली राबलो, तो काय बोलला न्हाई, त्यानंच जास्त लागायचं. लग्नात जायचं बंद केलं, मांडवात पहिला प्रश्न "सध्या काय करतोस". इंटरव्ह्यूत पण गॅप का, गॅप का. शेवटी खरं ते सांगितलं, शेती बघितली, सोबत एक्सेलचा कोर्स केला, पाणी पाळीचा आणि खताचा हिशेब शीटवर ठेवला तो लॅपटॉप उघडून दाखवला. त्या मॅनेजरचं गाव अथणीकडचं निघालं, अर्धा तास उसाच्या बिलावरच बोललो.

परत तसंच करीन काय? सहा महिन्यांचा खर्च बाजूला असता तर केलं असतं. नसता तर चहा घरीच पिला असता.

खडेबाजार

चिकोडीकर, तो चहा कुठला ते तरी सांगा.

धागाकर्ता, येळ्ळूर

सगळ्यांचं दोन दोनदा वाचलं. सीव्ही झाला. निपाणीच्या ताईंनी सांगितल्यासारखी ती ओळ टाकली, उद्यमबागवाल्या दादांच्या पद्धतीनं कुठली सिस्टिम, दिवसाला किती तिकिटं, कुठल्या भागातले क्लायंट ते लिहिलं, आणि लिहिताना कळलं की चार वर्षांत बरंच काय काय केलंय मी. पाच ठिकाणी टाकला, काकांसारखी वही पण केली. एका ठिकाणाहून मंगळवारी फोन आहे.

आणि १४४१६ ला अजून लावला नाही, खरं ते सांगतो. नंबर सेव्ह केलाय, रूममेटला दिसू नये म्हणून "मटण दुकान" नावानं.

नाव नको

दुकान चोवीस तास उघडं असतं.

धागाकर्ता, येळ्ळूर

स्टँडवर आहे. बस लागली. दुकानाला फोन लावला, दहा मिनिटं बोललो, ड्रायव्हर हॉर्न मारायला लागला म्हणून ठेवला, उद्या परत लावतो म्हटलंय. गोळा आहेच, ओकलो मात्र नाही. शेंगाच्या चटणीचा डबा बॅगेत उघडलाय आणि सगळे कपडे लाल झालेत, ते आधी बघतो.