शनिवारच्या पालकसभेबद्दल (जुळे सोलापूर, आमचा सोसायटी ग्रुप)

सी-१०३ : पाण्याचा मेसेज नाही, आधीच सांगते. शाळेचं आहे. आमच्या नववीतल्याचं रोज सकाळी पोट दुखतंय. दोन डॉक्टर झाले, सोनोग्राफी नॉर्मल. रविवारी मात्र दुखत नाही. काल कळलं, चाचणीच्या मार्कांवरून त्याला 'ड' तुकडीत टाकलंय. वर यादी नोटीस बोर्डावर.

ए-२०१ काका : आमचे मास्तर छडीनं फोडायचे की ओ. काय झालं आम्हाला?

सी-१०३ : काका, गड्ड्याच्या जत्रेत तुम्हीच सांगत होता, गणिताचा पेपर अजून स्वप्नात येतो म्हणून.

ए-२०१ काका : ते वेगळं.

बी-३०२ : मी स्वतः शिकवते म्हणून बोलते. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर सूचना दिल्यात. १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तर निदान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. शिक्षकांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण. मार्कांवरून तुकड्या, चारचौघांत अपमान शक्यतो टाळायचा, क्लासेसनी तर खासच. त्या 'शक्यतो'तूनच सगळे निसटतात.

डी-४०४ : आमच्या पोरीच्या शाळेत समुपदेशक मॅडम आहेत की. बसायला जागा स्टाफरूममध्ये, कपाटामागं. आत शिरलं की वर्गशिक्षिका विचारणार, "काय झालं गं?" कोण जाईल? त्यात ऑफ तासाला वर्गावरही त्यांनाच पाठवतात.

बी-३०२ : आमच्याकडंही तेच. पेपर तपासणाऱ्या बाईंसमोर पोरं तोंड उघडत नाहीत हो. माझ्यासमोरही नाही.

सेक्रेटरी : शनिवारी सगळे मिळून जाऊ. आरडाओरडा नको, सी-१०३ ताईच बोलतील. दोनच मागण्या. यादी काढा आणि समुपदेशकाला दार लागेल अशी खोली द्या.

ए-२०१ काका : तिसरी घाला. टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर वर्गावर्गात लावा, १४४१६. कोर्टानंही हेल्पलाइन लावायला सांगितलंय. फुकट आहे, चोवीस तास. मराठीत बोलतात.

डी-४०४ : काका, तुम्हाला कसं माहीत?

ए-२०१ काका : ही गेल्यावर दोनदा लावला होता. रात्री.

सी-१०३ : काका…

ए-२०१ काका : असू दे. पोराला संध्याकाळी खाली पाठव. कॅरमला चौथा गडी पाहिजे.

सी-१०३ : पाठवते. तुकडीचं तेवढं विचारू नका त्याला.