प्रतिसाद: ४.० आणि ४.८ एकत्र नांदत नाहीत

एकाच संगणकावर डॉट नेट फ्रेमवर्कच्या (विंडोजवर प्रणाली बनवण्याचा आणि चालवण्याचा मायक्रोसॉफ्टचा पाया) ३.५, ४.० आणि ४.८ या तिन्ही आवृत्त्या शेजारी-शेजारी ठेवता येतील, हे विधान अर्धेच बरोबर आहे. ३.५ ही आवृत्ती २.० च्या रनटाइमवर (प्रणाली प्रत्यक्ष चालवणाऱ्या भागावर) चालते आणि ४.० पासून रनटाइमच वेगळा असल्यामुळे ३.५ व ४.८ खुशाल एकत्र राहतात. परंतु २०१२ मध्ये आलेल्या ४.५ पासून पुढची प्रत्येक आवृत्ती ४.० च्या जागीच बसते, म्हणजे ४.८ बसवल्यावर ४.० स्वतंत्रपणे उरतच नाही. म्हणून ४.० साठी लिहिलेल्या जुन्या प्रणालीची चाचणी ४.८ असलेल्या यंत्रावर उरकून ती ४.० वर चालेल असे गृहीत धरू नये. त्यासाठी वेगळे आभासी यंत्रच (संगणकातच सॉफ्टवेअरने उभारलेला दुसरा संगणक) वापरावे, असा माझा आग्रह आहे.

डॉट नेट कोअरपासून, म्हणजे फ्रेमवर्कनंतरच्या नव्या पिढीपासून मात्र प्रत्येक आवृत्ती स्वतंत्र फोल्डरमध्ये राहते. तेथे 'ग्लोबल.जेसन' या फाइलने फक्त एसडीकेची (प्रणाली बनवण्याच्या साधनसंचाची) आवृत्ती ठरते. रनटाइमची निवड प्रकल्पाच्या 'रनटाइमकॉन्फिग' फाइलवरून होते, आणि या दोहोंची गल्लत फार वेळा होते. आवश्यक मुख्य आवृत्ती (क्रमांकातील पहिला आकडा) यंत्रावर नसेल, तर प्रणाली आपणहून पुढच्या मुख्य आवृत्तीवर उडी घेत नाही, सुरूच होत नाही.