व्याधाभोवतीच्या चार शलाका कशा कमी कराव्यात?

प्रश्न : शिक्षक, दारव्हा तालुका (यवतमाळ)

नमस्कार. मी 200 मिमी व्यासाची आणि 1200 मिमी नाभीय अंतराची न्यूटन पद्धतीची परावर्ती दुर्बीण स्वतः जुळवली आहे. 50 मिमीचा दुय्यम आरसा धरणारा स्पायडर गावातल्या वेल्डिंगच्या दुकानातून 3 मिमी जाडीच्या चार लोखंडी पट्ट्यांचा करून घेतला. कपाशीची उलंगवाडी होऊन शेत मोकळे झाल्यापासून दुर्बीण रोज धुऱ्यावर नेतो. व्याध ताऱ्याचा श्वेत बटू (आकसलेला, मंद तारा) जोडीदार पाहण्याची फार इच्छा आहे. परंतु व्याध दृष्टिक्षेत्रात आला की त्याच्यातून चार लखलखीत शलाका निघतात आणि जोडीदार जिथे असायला हवा तो भागच उजळून जातो. पट्ट्या कमानीसारख्या वाकवल्या तर शलाका नाहीशा होतात, असे वाचले आहे. तसा स्पायडर करून घ्यावा काय? शिवाय या चारांखेरीज एक रुंद, धूसर शलाकाही दिसते, तिचे कारण मला उलगडलेले नाही.

उत्तर : हिंगणघाट

गुरुजी, आपल्या हेतूसाठी वक्र पट्ट्या करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. पट्टीच्या कडांवरून जाताना प्रकाशाचे विवर्तन होते आणि तो पट्टीला काटकोनात, दोन्ही बाजूंना पसरतो. म्हणून समोरासमोर एका रेषेत बसवलेल्या चार पट्ट्यांच्या चार शलाका दिसतात, तर तीन पट्ट्यांच्या सहा. पट्टी वाकवली की तिचा प्रत्येक तुकडा वेगळ्या दिशेला प्रकाश फेकतो, आणि सगळ्या पट्ट्यांचा मिळून 180 अंशांचा वळसा झाला की तोच प्रकाश ताऱ्याभोवती सर्वत्र सारखा विखुरतो. शलाका दिसेनाशी होते, प्रकाश मात्र तेवढाच राहतो. जोडीदार व्याधापेक्षा सुमारे 10,000 पट मंद आहे आणि सध्या त्याच्यापासून जेमतेम 11 विकला (विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग) दूर आहे. त्याला हवी असलेली काळोखी जागा आपण स्वतःच्या हाताने उजळून टाकाल.

खरा दोष जाडीचा आहे. 3 मिमीच्या चार पट्ट्या मिळून आरशाचा सुमारे 3 टक्के उघडा भाग झाकतात, आणि जवळपास तेवढाच प्रकाश शलाकांत जातो. 0.6 मिमीची पट्टी घेतल्यास हे प्रमाण 0.6 टक्क्यावर येते. शलाका पाचपट लांब होते खरी, पण ताऱ्यालगतचे तिचे तेज सुमारे 25 पट उतरते, आणि आपल्याला नेमके तेच हवे आहे. मी जिनिंगमध्ये रुईच्या गाठी बांधून उरलेली लोखंडी पट्टी कॅलिपरने मोजून वापरली. हॅक्सॉचे पातेही साधारण तेवढ्याच जाडीचे असते.

बसवताना घाई करू नये. 20 मिमी रुंदीची पट्टी नळीच्या अक्षाशी 2 अंश जरी तिरकी बसली, तरी आरशाला ती 0.6 ऐवजी 1.3 मिमी जाडीची दिसते आणि निम्मी मेहनत वाया जाते. नळीच्या तोंडासमोर चार-पाच पावले दूर उभे राहून एका डोळ्याने पाहावे. पट्टीची फक्त कड दिसली पाहिजे, बाजू मुळीच नाही. मग बाहेरचे नट आवळून टिचकी मारावी, ती तारेसारखी वाजली पाहिजे.

उत्तर : वरुड

वरील गणिताशी सहमत आहे. तथापि वक्र पट्टी सरसकट टाकाऊ ठरवू नये. कृत्तिकांची छायाचित्रे घेताना मी तीच वापरतो, कारण तिथे मंद जोडीदार शोधायचा नसतो.

पट्ट्या मिळेपर्यंत एक बिनखर्चाचा उपाय करावा. शलाकांना दिशा असते, तेव्हा नळी पाळण्यात 20-25 अंश फिरवून जोडीदाराची जागा दोन शलाकांच्या मधोमध आणावी. तो व्याधाच्या पूर्वेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला आहे. आपली दुर्बीण डॉब्सन पद्धतीच्या (फक्त आडव्या आणि उभ्या दिशेने फिरणाऱ्या) बैठकीवर असेल तर आकाशही आपले काम करते: आपल्या अक्षांशावर व्याध याम्योत्तर वृत्तावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) सुमारे 53 अंश उंच येतो, आणि त्याआधीच्या दोन तासांत दृष्टिक्षेत्र शलाकांच्या तुलनेत सुमारे 40 अंश फिरलेले असते. एका वेळी झाकलेला जोडीदार तासाभराने मोकळा होऊ शकतो.

पुठ्ठ्याला 75 मिमीचे भोक पाडून ते पट्ट्यांच्या मधल्या जागेवर धरले तर शलाका पूर्ण जातात. चंद्राला आणि गुरूला ते छान चालते. व्याधाच्या जोडीदारासाठी मात्र एवढ्या लहान छिद्राचा प्रकाश अपुरा पडेल.

रुंद शलाकेचा संशय मला फोकसरवर, म्हणजे नेत्रिका धरून पुढे-मागे सरकणाऱ्या नळीवर आहे. तारा मुद्दाम बराच धूसर करा. तेजस्वी चकतीत स्पायडरची सावली दिसेल. चकतीच्या कडेला दातासारखी खाच दिसली तर फोकसरची नळी आत शिरून प्रकाश अडवते आहे.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. खाच दिसली. मुख्य आरसा त्याच्या स्क्रूंवर 10 मिमी पुढे घेतला, त्यामुळे नाभी बाहेर सरकली, फोकसरची नळी मागे आली आणि रुंद शलाका गेली. त्यानंतर आरशांची जुळणी पुन्हा करावी लागली. स्पायडरसाठी हॅक्सॉची पाती वापरली. पहिल्या रात्री आठ शलाका दिसल्या, कारण समोरासमोरची पाती एका रेषेत नव्हती. दोरा ताणून ती सरळ केली तेव्हा चार उरल्या, त्याही फिकट. राजन्याचा (मृग नक्षत्रातला रायजेल तारा) जोडीदार, जो त्याच्यापेक्षा सुमारे 500 पट मंद आणि 9.5 विकला दूर आहे, तो आता सहज दिसतो, आणि आठवीच्या दोन मुलींनी तो न सांगता ओळखला.

व्याधाचा अजून नाही. परवा वारा पडल्यावर दोन-तीन क्षण त्या जागी एक ठिपका जाणवला, पण नोंदवहीत मी तो लिहिलेला नाही.