पेपरवेटच्या आत १८४८ लिहिलंय, म्हणजे खरंच तेवढं जुनं का?

खिडकीतला_बोका: मंडळी सध्या बर्मिंगहॅमला असतो, इथे रविवारी लोक गाडीची डिकी उघडून घरातलं जुनं सामान विकतात तिथे २५ पौंडाला एक पेपरवेट उचललं. आत रंगीत काचेच्या काड्यांच्या चकत्या गोल गोल रांगांत लावल्यात आणि एका रांगेत बारीक आकड्यांत १८४८. विकणारी आजी म्हणाली व्हाइटफ्रायर्स या काच कारखान्याचं आहे. लॉटरी लागली का मला?

भंगारप्रेमी: लॉटरी नाही रे पण पैसेही बुडाले नाहीत. हे १८४८ वाले पेपरवेट आणि दौती बरीच वर्षं लंडनच्या व्हाइटफ्रायर्सच्या नावावर खपल्या, आता जाणकार म्हणतात की ते विसाव्या शतकातले, तुझ्याच बर्मिंगहॅमच्या आर्क्युलस आणि वॉल्श वॉल्श या काच कंपन्यांचे. म्हणजे माल घरच्याच गावी परत आला म्हण 😄 आकडा काय, काडीत कुठलाही घालता येतो. खरं १८५० च्या आसपासचं बर्मिंगहॅमचं काम बघायचं तर बॅकस कंपनीचं, त्याचे रंग जरा फिके मवाळ असतात, पण ते २५ पौंडात कोण देतंय!

खिडकीतला_बोका: अरेरे. मग ओळखायचं कसं?

काचकाम: आधी पालथं कर. शंभर-दीडशे वर्षं टेबलावर सरकलेल्या वस्तूच्या बुडाला ओरखडे पडतात, ते पण वेगवेगळ्या दिशांना आणि जिथे टेकतं तिथेच. सगळे एकाच दिशेने असतील तर कोणीतरी सँडपेपर घासलाय. मग हातात घेऊन वजन बघ, इंग्लिश काचेत शिसं असतं त्यामुळे आकाराच्या मानाने जड लागते. १९३० च्या सुमाराला चीनमध्ये फ्रेंच पेपरवेटच्या नकला झाल्या त्या हलक्या लागतात, मी एकदा फसलोय, आता तो नग बायकोच्या बिलांवर बसलाय.

भंगारप्रेमी: +१. आणि कमी पैशात जुनं इंग्लिश हवंच असेल तर यॉर्कशायरकडचे हिरव्या बाटलीच्या काचेचे डंप, म्हणजे साधे जड पेपरवेट, शोध, आत बुडबुड्यांची कुंडी आणि फुलं असतात, दार अडवायलाही वापरायचे. काहींच्या बुडाला वेकफील्डच्या किल्नर या काच कारखान्याचा शिक्का असतो. मला तरी ते तुझ्या रंगीबेरंगीपेक्षा जास्त आवडतात.

काचकाम: हो आणि बोक्या, नावाप्रमाणे खिडकीत ठेवू नकोस, उन्हात भिंगासारखं काम करतं, खालचा कागद पेटू शकतो.

खिडकीतला_बोका: पालथं केलं. सगळीकडे आडवेतिडवे ओरखडे आहेत आणि जड पण आहे. ठेवतो मग, कपाटात!